अपग्रेड अर्ध्यावरून मागे फिरतं, डिस्क दिसत नाही, स्क्रीन काळी राहते: ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याआधीची हार्डवेअर तपासणी

विंडोज १० वरून ११ चं अपग्रेड तासभर चालतं, टक्क्यांचा आकडा वाढत जातो, मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट होतं आणि शेवटी 'बदल पूर्ववत करत आहोत' असं सांगून जुनीच विंडोज पुन्हा समोर येते. पुन्हा प्रयत्न केला तरी तेच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यापासून ही तक्रार सतत दिसते. बहुतेकांच्या बाबतीत तिच्याबरोबर एक वाक्य असतं: "पण तपासणीत तर मशीन पात्र दाखवलं होतं!"

गोंधळ इथेच आहे. 'पीसी हेल्थ चेक' हे ॲप प्रोसेसर, रॅम, डिस्कची क्षमता, टीपीएम (चाव्या सुरक्षित ठेवणारी चिप), सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सॉफ्टवेअरला मशीन सुरू करू देणारी सोय) आणि अशाच मोजक्या गोष्टी पाहतं. तुमचा स्टोरेज कंट्रोलर कोणत्या मोडमध्ये आहे, ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाइल्स ठेवणाऱ्या डिस्कच्या छोट्या भागात) जागा किती उरली आहे, ग्राफिक्स कार्डाच्या फर्मवेअरला (आतल्या कायमच्या सॉफ्टवेअरला) यूईएफआय, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेली पद्धत, कळते का, आठ वर्षांपूर्वीच्या यूएसबी-सीरियल केबलचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) चालेल का, यातलं काहीही ते पाहत नाही. पात्रता हा पहिला टप्पा झाला. हार्डवेअर खरोखर जुळतं का, हे आपल्यालाच तपासावं लागतं, आणि ते इन्स्टॉल दाबण्याआधी.

अपग्रेड आधीच फसलं असेल तर कोड नीट वाचा

सर्वांत जास्त दिसणारा कोड म्हणजे ०एक्ससी१९००१०१. याचा ढोबळ अर्थ 'कुठल्यातरी ड्रायव्हरने घात केला' असा आहे. त्याच्यापुढे डॅश देऊन आणखी एक आकडा असतो, उदाहरणार्थ ०एक्स२००१७. लोक तो सोडून देतात आणि खरी माहिती त्यातच असते. या दुसऱ्या आकड्याचा 'एक्स'नंतरचा पहिला अंक अपग्रेड कोणत्या टप्प्यावर पडलं ते सांगतो. १ म्हणजे जुनी विंडोज चालू असतानाच, २ म्हणजे रीस्टार्टनंतरच्या छोट्या तात्पुरत्या प्रणालीत, ३ म्हणजे नवी विंडोज पहिल्यांदा उठताना, ४ म्हणजे दुसऱ्या बूटमध्ये.

टप्पा २ मध्ये पडलं तर संशय बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर), स्टोरेज कंट्रोलर (डिस्क हाताळणारी चिप), डिस्क किंवा जोडलेल्या बाहेरच्या उपकरणांवर घ्या. टप्पा ३ किंवा ४ असेल तर ग्राफिक्स, ऑडिओ, वाय-फाय, अँटिव्हायरस आणि व्हीपीएनचे ड्रायव्हर आधी पाहा. ०एक्ससी१९००२०० हा कोड किमान अटी पूर्ण होत नसल्याचा आहे, आणि ०एक्स८००७००७० हा डिस्कवर जागा नसल्याचा. या दोन्हींत ड्रायव्हर शोधत बसू नका.

नेमका कोणता ड्रायव्हर, हे कळण्यासाठी 'सेटअपडायग' वापरा. अलीकडच्या विंडोज सेटअपमध्ये ते आतच असतं आणि अपग्रेड फसल्यावर स्वतःहून चालतं. निकाल विंडोज फोल्डरमधल्या 'लॉग्ज' फोल्डरात, 'सेटअपडायग' नावाखाली मिळतो. तिथे काही नसेल तर सी ड्राइव्हच्या मुळाशी '$विंडोज.~बीटी' हा लपलेला फोल्डर असतो. त्यातल्या 'सोर्सेस'मधल्या 'पँथर' आणि 'रोलबॅक' या फोल्डरांमध्ये 'सेटअपएरर' आणि 'सेटअपअ‍ॅक्ट' या लॉग फाइल्स सापडतील. शेवटून वर वाचत जा. शेवटच्या काही ओळींत एखाद्या 'ओईएम' क्रमांकाच्या आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती देणाऱ्या) फाइलचं नाव वारंवार आलं, तर तोच पहिला संशयित.

प्रत्यक्ष अपग्रेड न करता फक्त चाचणी घेण्याचीही सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. आयएसओ फाइल (इन्स्टॉल डिस्कची प्रत) माउंट करून त्यातलं सेटअप 'ऑटो अपग्रेड', 'क्वाएट' आणि 'कॉम्पॅट स्कॅनओन्ली' या पर्यायांसह कमांड प्रॉम्प्टवरून चालवायचं. काम झाल्यावर ०एक्ससी१९००२१० हा कोड आला तर घाबरू नका. दिसायला तो एररसारखा असला तरी अर्थ आहे 'अडथळा सापडला नाही'. ०एक्ससी१९००२०८ आला तर एखादं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर आड येतो आहे.

किमान अटी, थोडक्यात

विंडोज ११ साठी ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय फर्मवेअर आणि टीपीएम २.० लागतं. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून आणि एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर यादीत आहेत, थोडे अपवाद वगळता. सिक्युअर बूट चालू असलंच पाहिजे असं नाही, मशीनला ते जमलं पाहिजे. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. त्यामुळे ३२-बिट विंडोज १० वरून थेट अपग्रेड होत नाही, नव्यानेच इन्स्टॉल करावं लागतं आणि प्रत्येक उपकरणाला ६४-बिट ड्रायव्हर हवा.

टीपीएम सापडत नाही असं म्हणून नवं मॉड्यूल विकत घेण्याची घाई करू नका. बहुतेक मशीनमध्ये ते फर्मवेअरमध्येच असतं, फक्त बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बायोसमध्ये त्याचं नाव 'पीटीटी', एएमडीच्या बायोसमध्ये 'एफटीपीएम'. चालू केल्यावर 'टीपीएम डॉट एमएससी' ही खिडकी उघडून स्पेसिफिकेशन आवृत्ती २.० दिसते का ते बघा.

अटी चुकवून इन्स्टॉल करण्याच्या युक्त्या सगळीकडे मिळतात. त्यांची अडचण पुढे येते. अशा मशीनला दरवर्षीची मोठी आवृत्ती स्वतःहून मिळेल याचा भरवसा नाही, ती हाताने टाकावी लागते. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना असणं सक्तीचं झालं आहे. कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरमध्ये त्या नाहीतच, त्यामुळे तिथे कोणतीही युक्ती चालत नाही, मशीन बूटच होत नाही.

मशीनची नोंद आधी कागदावर किंवा फोनमध्ये

'एमएसइन्फो३२' उघडा आणि चार गोष्टी लिहून घ्या: बायोस मोड यूईएफआय आहे की लेगसी (जुनी पद्धत), सिक्युअर बूटची स्थिती, बायोसची आवृत्ती व तारीख, आणि मदरबोर्डचं पूर्ण नाव. मदरबोर्डवर 'रेव्ह १.०' किंवा 'रेव्ह २.०' छापलेलं असेल तर तेही. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनचे बायोस वेगळे असू शकतात.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क, स्टोरेज कंट्रोलर, ग्राफिक्स आणि ऑडिओ या चारांचे हार्डवेअर आयडी उतरवा. उपकरणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी. त्यात 'व्हीईएन'नंतरचे चार अक्षर-अंक चिप कोणाची ते सांगतात: ८०८६ इंटेल, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम. 'डीईव्ही'नंतरचे चार नेमकं मॉडेल. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची वाय-फाय कार्डं बसवलेली असतात, त्यामुळे लॅपटॉपच्या नावावरून ड्रायव्हर शोधणं फसवं ठरतं. नवी प्रणाली टाकल्यावर 'अननोन डिव्हाइस' दिसलं की हीच नोंद कामाला येते.

नेटवर्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर वेगळा काढून ठेवा. विंडोज ११ चं पहिलं सेटअप इंटरनेट मागतं, आणि नवं वाय-फाय कार्ड इन्स्टॉलरला ओळखता आलं नाही तर गाडी तिथेच अडते. ड्रायव्हर हातात नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा. बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर न लागता इंटरनेट मिळतं.

बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर

हा भाग चुकला तर डेटा जातो, म्हणून इथे घाई नको. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, वापरकर्त्याला न विचारता चालू झालेलं असतं. बायोस अपडेट, टीपीएम किंवा सिक्युअर बूटमधला बदल झाला की पुढच्या बूटला विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. की नसेल तर त्या डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही.

म्हणून आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून की खरोखर तिथे आहे का ते पाहा, तिचा आयडी जुळवा आणि ती दुसऱ्या उपकरणावर उतरवा. त्यानंतर बिटलॉकर 'सस्पेंड' करा. कंट्रोल पॅनेलमधून केलेलं सस्पेंड साधारणपणे एका रीस्टार्टनंतर आपोआप उठतं. दोन-तीनदा बायोसमध्ये जावं लागणार असेल तर 'मॅनेज-बीडीई' आज्ञेत रीबूट काउंट शून्य ठेवा, म्हणजे तुम्ही परत चालू करेपर्यंत ते थांबलेलं राहील. काम संपल्यावर चालू करायला विसरू नका.

एएमडी मशीनवर बायोस अपडेटनंतर कधी कधी काळ्या पडद्यावर 'एफटीपीएम रीसेट करायचा का' असा प्रश्न येतो, वाय किंवा एन दाबायला सांगतात. रिकव्हरी की जवळ नसेल तर वाय दाबू नका. वाय दाबलं की टीपीएममधल्या चाव्या पुसल्या जातात.

बायोस अपडेट स्वतः करताना फाइल फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ठेवा, लॅपटॉप चार्जरला जोडलेला असू द्या आणि सूचनापत्रात मधली एखादी आवृत्ती आधी टाकायला सांगितली असेल तर ती पायरी गाळू नका. अपडेटनंतर बायोसच्या सेटिंग बहुधा मूळ स्थितीत जातात. लेगसीवर चाललेलं मशीन यूईएफआयवर गेलं किंवा स्टोरेज मोड बदलला, तर जुनी विंडोजही उठणार नाही. म्हणून अपडेटआधी बायोसच्या बूट आणि स्टोरेज या पानांचे फोनने फोटो काढा.

लेगसीवरून यूईएफआयवर: डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड

इन्स्टॉलरने 'या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे' म्हणून नकार दिला, तर पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये बूट झाला आहे आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. नव्याने इन्स्टॉल करायचं असेल आणि डेटाची प्रत बाहेर असेल तर सगळी पार्टिशनं पुसून रिकाम्या जागेवर इन्स्टॉल करा, जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल, आपोआप तयार होतं.

डेटा ठेवून बदलायचं असेल तर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून असलेलं 'एमबीआर२जीपीटी' वापरा. आधी 'व्हॅलिडेट', मग 'कन्व्हर्ट'. चालू विंडोजमधून करताना 'अलाउफुलओएस' हा पर्यायही लागतो. व्हॅलिडेट नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशनं असणं किंवा एक्स्टेंडेड-लॉजिकल पार्टिशन असणं. ईएफआय पार्टिशनला एक जागा हवी असते. त्यामुळे निर्मात्याने दिलेलं जुनं रिकव्हरी पार्टिशन बहुधा काढावं लागतं. रूपांतर झाल्यावर लगेच बायोसमध्ये जाऊन यूईएफआय निवडा. लेगसीतच राहिलात तर बूट होणार नाही.

आणि इथे एक सापळा आहे, जो जवळजवळ कोणी सांगत नाही. बायोसमधलं 'सीएसएम' (लेगसी पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद केल्यावर पडदा काळा होतो, बायोससुद्धा दिसत नाही, आणि लोकांना वाटतं मदरबोर्ड गेला. खरं कारण ग्राफिक्स कार्ड असतं. सीएसएम बंद असताना पडद्यावर चित्र आणण्यासाठी कार्डाच्या फर्मवेअरमध्ये 'जीओपी' नावाचा यूईएफआय भाग लागतो. साधारण २०१२ पूर्वीच्या कार्डांत तो नसतो, त्या सुमाराच्या कार्डांत काहींत असतो, काहींत नाही. सीएसएम बंद करण्याआधी 'जीपीयू-झेड' उघडा. त्यात यूईएफआयसमोर खूण असेल तर पुढे जा.

स्क्रीन काळी झालीच असेल तर वीज तोडा, मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा किंवा क्लिअर-सीमॉस जंपर वापरा. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डला जोडा आणि तसंच काम पूर्ण करा.

इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपमध्ये ही अडचण इतक्या वेळा येते की तिच्यावर थोडं थांबायला हवं. बायोसमध्ये डिस्क दिसते, जुनी विंडोज नीट चालते, पण पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना यादी रिकामी. डिस्क बिघडलेली नसते. तिच्या पुढे इंटेलचा 'व्हीएमडी' कंट्रोलर उभा असतो आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसतो.

सुरक्षित उपाय म्हणजे ड्रायव्हर देणं. लॅपटॉप निर्मात्याच्या पानावरून तुमच्या पिढीचा 'रॅपिड स्टोरेज' ड्रायव्हर घ्या. तो ईएक्सई स्वरूपात असेल तर तसाच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही. आधी उलगडा, आत आयएनएफ, एसवायएस आणि सीएटी या तिन्ही प्रकारच्या फाइल्स असलेला फोल्डर शोधा, आणि तो पूर्ण फोल्डर कॉपी करा. इन्स्टॉलरमध्ये 'लोड ड्रायव्हर', मग ब्राउझ करून तो फोल्डर. यादीत दोन-तीन नावं आली तर व्हीएमडीचा उल्लेख असलेलं घ्या. काहीच आलं नाही तर पिढी चुकली आहे. अकराव्या पिढीसाठीचा ड्रायव्हर कोअर अल्ट्रावर चालेलच असं नाही. एएमडीच्या रेड (अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या) मोडमध्ये तीन ड्रायव्हर क्रमाने लागतात: आधी आरसीबॉटम, मग आरसीरेड, शेवटी आरसीसीएफजी.

दुसरा उपाय बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून साधा एएचसीआय मोड घेणं. पूर्ण नवं इन्स्टॉल असेल तर हे चालतं. पण जुनी विंडोज ठेवायची असेल आणि थेट मोड बदलला, तर ती 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळ्या पडद्यावर पडते. तिला आधी तयार करावं लागतं:

१. बिटलॉकर सस्पेंड करा, की हाताशी ठेवा. खात्याचा पासवर्डही माहीत असू द्या, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.
२. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'बीसीडीएडिट'ने सध्याच्या नोंदीला 'सेफबूट मिनिमल' लावा.
३. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, व्हीएमडी किंवा आरएसटी (रॅपिड स्टोरेज) बंद करा, सेव्ह करा.
४. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि स्वतःचा प्रमाणित एनव्हीएमई (वेगवान एसएसडीचा) ड्रायव्हर उचलेल.
५. तिथूनच 'बीसीडीएडिट'ने ती सेफबूट नोंद काढून टाका, रीस्टार्ट करा.

मशीनमध्ये इंटेलची ऑप्टेन मेमरी (डिस्कचा वेग वाढवणारी) असेल किंवा दोन डिस्कांचा रेड असेल तर हे करू नका. ऑप्टेन आधी इंटेलच्या ॲपमधूनच रीतसर बंद करावं लागतं. रेड असेल तर डेटा बाहेर काढल्याशिवाय मोड बदलूच नये.

डेस्कटॉपवर नवी एनव्हीएमई डिस्क घेऊन नवी प्रणाली टाकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, एम.२ खाचेत बसली म्हणजे चालेलच असं नाही. काही खाचा फक्त साटा (जुन्या, हळू जोडणीच्या) प्रकारच्या एम.२ डिस्क ओळखतात, आणि काही बोर्डांवर एम.२ खाच वापरली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत तक्ता असतो. दोन, इंटेलच्या ९-मालिका चिपसेटपूर्वीच्या बोर्डांना अ‍ॅडॉप्टरमधून एनव्हीएमई डिस्क विंडोजमध्ये दिसते, पण तिच्यावरून बूट करता येत नाही. अशा ठिकाणी साटा एसएसडी घेणंच बरं.

लपलेली छोटी पार्टिशनं

'सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' हा संदेश आला की लोक सी ड्राइव्ह रिकामा करत बसतात. त्याचा सी ड्राइव्हशी संबंध नसतो. ईएफआय किंवा सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन बऱ्याचदा अवघं १०० एमबीचं असतं आणि त्यात निदान १५ एमबी मोकळी हवी. जीपीटी डिस्कवर 'माउंटव्हॉल' आज्ञेला 'वाय:' हे अक्षर आणि 'एस' पर्याय देऊन ते पार्टिशन उघडा आणि 'ईएफआय', 'मायक्रोसॉफ्ट', 'बूट', 'फॉन्ट्स' या मार्गातल्या फॉन्ट फाइल्स पुसा. एवढ्याने जागा होते. बाकी कशालाही हात लावू नका.

तसंच रिकव्हरी पार्टिशनचं. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या केबी५०३४४४१ या अपडेटने अनेक मशीनवर ०एक्स८००७०६४३ हा कोड दिला, कारण त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती. नव्याने इन्स्टॉल करत असाल तर ईएफआयला सुमारे ३०० एमबी आणि रिकव्हरीला १ जीबी देऊन मोकळे व्हा.

ड्रायव्हर: काय काढायचं, काय आधी अपडेट करायचं

अपग्रेड सुरू करताना कीबोर्ड, माउस, मॉनिटर आणि चार्जर सोडून सगळं काढा. मेमरी कार्डसुद्धा. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीत तर बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह किंवा एसडी कार्ड लावलेलं असेल तर अपग्रेडच अडवलं जात होतं, कारण मधेच ड्राइव्हची अक्षरं बदलत होती.

बाहेरचा अँटिव्हायरस फक्त बंद करून भागत नाही, त्याचा फिल्टर ड्रायव्हर कर्नलमध्ये तसाच राहतो. तो पूर्ण अनइन्स्टॉल करा. व्हीपीएन, व्हर्च्युअल डिस्क, ओव्हरक्लॉकिंग आणि आरजीबी दिव्यांची सॉफ्टवेअरं यांनाही हाच नियम.

मग विंडोज सिक्युरिटीतल्या 'कोअर आयसोलेशन'मध्ये 'मेमरी इंटेग्रिटी' चालू करून बघा. चालू होत नसेल तर ती जुळत नसलेल्या ड्रायव्हरांची यादी देते, आयएनएफ फाइलच्या नावासह. फुकट मिळणारी इतकी चांगली तपासणी दुसरी नाही. यादीतला ड्रायव्हर ज्या उपकरणाचा आहे ते वापरात नसेल, तर 'पीएनपीयूटिल'च्या 'डिलीट-ड्रायव्हर' पर्यायाने काढून टाका. आधी 'एनम-ड्रायव्हर्स'ने यादी काढून नाव जुळवा, अंदाजाने काही पुसू नका.

कधी कधी अपडेट महिनोन्‌महिने मिळतच नाही आणि कारण एखादा एकच ड्रायव्हर असतो. अकराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर 'स्मार्ट साउंड' ऑडिओ ड्रायव्हरची १०.२९.०.५१५२ किंवा १०.३०.०.५१५२ ही आवृत्ती असेल, तर विंडोज ११ निळ्या पडद्यावर पडत होती, म्हणून मायक्रोसॉफ्टने अशा मशीनचं अपग्रेड रोखून धरलं. उपाय साधा: शेवटचा आकडा ५७१४ किंवा पुढचा असलेला ड्रायव्हर निर्मात्याकडून घेणं. अशी अडवणूक दिसली की ती चुकवून जबरदस्ती करू नका, तिच्यामागे खरोखरची मोडतोड असते.

जुन्या यूएसबी-सीरियल केबलवर चालणारी यंत्रं असतील, वजनकाटा, सीएनसी, बिलिंगचा प्रिंटर, तर त्या केबलमधली चिप आधी तपासा. प्रोलिफिकच्या पीएल२३०३ एचएक्सए चिपवर नवा ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमध्ये सरळ 'ही चिप २०१२ पासून बंद' असा मजकूर दाखवतो आणि पोर्ट चालत नाही. अशा वेळी केबल बदला. प्रिंटर आणि स्कॅनरसाठी निर्मात्याच्या पानावर तुमच्या नेमक्या मॉडेलचा ६४-बिट ड्रायव्हर आहे का ते आधीच पाहा, आणि तो उतरवूनही ठेवा.

डिस्क आणि रॅमची तब्येत

अपग्रेडमध्ये हजारो फाइल्स लिहिल्या जातात. कमकुवत डिस्क किंवा सदोष रॅम एरवी कशीबशी चालते आणि इथे उघडी पडते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो'मध्ये ०५, सी५ आणि सी६ या (खराब सेक्टरांच्या) ओळी शून्य हव्यात. सी५ वाढत असेल तर अपग्रेड सोडा, आधी डेटा काढा. सी७ वाढत असेल तर बहुधा फक्त साटा केबल खराब आहे. रॅमसाठी 'मेमटेस्ट८६+'ची ६.० किंवा पुढची आवृत्ती घ्या, यूईएफआयवर तीच चालते. निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वाढीव वेग) चालू असेल तर इन्स्टॉल होईपर्यंत बंद ठेवा. फाइल वाचता येत नाही किंवा बिघडलेली आहे असे एरर दरवेळी वेगळ्या टक्क्यावर येत असतील, तर दोष आयएसओपेक्षा रॅममध्ये असण्याची शक्यता जास्त.

लिनक्स टाकणाऱ्यांसाठी

इथे एक मोठी सोय आहे: लाइव्ह सेशन. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून बूट करा आणि वाय-फाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, बाहेरचा मॉनिटर तपासा. सगळ्यांत महत्त्वाचं, झाकण बंद करून पुन्हा उघडा. स्लीपमधून न उठणं हा लॅपटॉपवरचा सर्वांत चिवट दोष आहे आणि तो लोकांना इन्स्टॉलनंतरच कळतो.

आधी विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोजची पार्टिशनं लिनक्सला लिहिता येत नाहीत. व्हीएमडीची अडचण इथेही भेटते. इन्स्टॉलर आरएसटी बंद करायला सांगतो, तेव्हा वरच्याच पाच पायऱ्या वापरा.

एनव्हिडिया कार्ड असेल तर दोन गोष्टी. जुन्या पिढ्यांना नवा ड्रायव्हर चालत नाही: केप्लरसाठी ४७० ही शेवटची शाखा, फर्मीसाठी ३९०. मोठ्या आवृत्तीत उडी मारली आणि नव्या कर्नलवर ती शाखा जुळली नाही, तर ग्राफिकल लॉगिन येत नाही. आणि सिक्युअर बूट चालू असताना ड्रायव्हर टाकला, तर पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरच्या सहीची की नोंदवायची का) असं विचारतात. घाईत 'कंटिन्यू' दाबलं की ड्रायव्हर लोड होत नाही आणि 'की वॉज रिजेक्टेड' असा संदेश मिळतो. 'मोकयूटिल'ने की पुन्हा आयात करा आणि त्या पडद्यावर या वेळी नोंदणी पूर्ण करा.

ब्रॉडकॉमची काही वाय-फाय कार्डं वेगळ्या मालकी ड्रायव्हरशिवाय चालत नाहीत, म्हणून केबल किंवा फोन टिदरिंग तयार ठेवा. कार्डच बदलायचं ठरवलं तर एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांशिवाय चालत नाहीत. एएक्स२१० घेतलं तर तो प्रश्न येत नाही. सर्व्हरवर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स टाकत असाल तर आवृत्ती ९ ला एक्स८६-६४-व्ही२ आणि १० ला व्ही३ पातळीचा प्रोसेसर लागतो.

पेनड्राइव्ह आणि परतीचा रस्ता

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि विंडोजची इन्स्टॉल प्रतिमा अनेकदा त्याहून मोठी असते, त्यामुळे हाताने कॉपी करण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं मीडिया साधन किंवा रूफस वापरा. उतरवलेल्या आयएसओचा एसएचए-२५६ (फाइल शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) 'सर्टयूटिल'ने काढून जुळवा.

अपग्रेड यशस्वी झालं तर जुन्या विंडोजवर परतायला १० दिवस मिळतात. ते अनेकांना पुरत नाहीत, कारण स्कॅनर किंवा महिन्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर तोवर उघडलेलंच नसतं. म्हणून पहिल्याच दिवशी 'डीआयएसएम'च्या 'सेट-ओएस-अनइन्स्टॉल-विंडो' या पर्यायाने मुदत वाढवा. ती ६० दिवसांपर्यंत नेता येते, पण मूळ १० दिवस संपल्यावर नाही. त्या काळात डिस्क क्लीनअपमध्ये 'मागील विंडोज इन्स्टॉलेशन'वर खूण करू नका, 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर हलवू नका आणि नवीन वापरकर्ता खाती जोडू नका. प्रत्येक प्रिंटर, स्कॅनर, डोंगल आणि डॉक एकदा जोडून, एकदा स्लीपमधून उठवून पाहिल्यावरच तो फोल्डर पुसा.